कॅनार्सीबद्दलचा तो मेसेज खोटा आहे, पुढे पाठवू नका

परवा रात्री आत्याने फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला, "न्यूयॉर्कला मुलं पाठवताय? या वस्त्या टाळा", आणि त्यात पहिलंच नाव कॅनार्सीचं. काल सकाळी भाच्याचा फोन, मामा, शनिवारी तुझ्याकडे रूम बघायला येणार होतो ना, ते कॅन्सल, आई नको म्हणतेय. ताईला मेसेज आत्याकडून, आत्याला भजनी मंडळाच्या ग्रुपवरून, मूळ कोणाचं ते कोणालाच माहीत नाही. मी या कॅनार्सीत आठ वर्षं राहतोय. ब्रुकलिनचं आग्नेयेकडचं टोक, एल ट्रेनचं शेवटचं स्टेशन, त्यापुढे जमैका बेची खाडी. त्यामुळे चिडूनच लिहितोय, समजून घ्या.

सगळ्यात जास्त राग आला तो या वाक्याचा: "हे कॅरिबियन लोक दर आठवड्याला घरोघरी रोख पैसे गोळा करतात, पावती नाही, नोंद नाही, ही त्यांची माफिया आहे."

अहो ती भिशी आहे! आपली भिशी. त्रिनिदाद-ग्रेनाडाचे लोक तिला सुसू म्हणतात, जमैकावाले पार्डनर, गयानाचे बॉक्स हँड, हैतीचे सोल. आमच्या घरमालकीण बाई ग्रेनाडाच्या, हॉस्पिटलात नर्स, बरीच वर्षं नाइट ड्यूटी केलेली. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या किचनच्या टेबलावर पाकिटं येतात, प्रत्येकावर नाव, आणि बाई एका निळ्या वहीत समोर टिक करतात. वीस जणी, आठवड्याला शंभर डॉलर, दर आठवड्याला एकीचा नंबर लागतो आणि तिला दोन हजार एकदम मिळतात. म्हणजे नोंद आहे, आणि ती मी डोळ्यांनी बघितलीय. सांगलीला माझ्या आईची भिशी चालायची, तिचीही अशीच वही होती, फक्त आकडे रुपयांत, आणि आत्या स्वतः त्या भिशीत होती. तिच्या शिलाई मशीनचे पैसे त्यातूनच आले होते. मग ती माफिया होती का? बँका कृष्णवर्णीयांना घरासाठी कर्ज द्यायला टाळाटाळ करायच्या तेव्हा ब्रुकलिनमधल्या कितीतरी कॅरिबियन कुटुंबांनी डाउन पेमेंट या सुसूतून उभं केलंय. ज्या गोष्टीचं कौतुक करायचं तिलाच गुन्हा म्हणून पसरवायचं, हे मला सहन होत नाही.

पुढचं, "सगळे भाडेकरू आणि सरकारी पैशावर जगणारे." न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं फर्मन सेंटर शहरातल्या घरांचा अभ्यास करतं, त्यांचे आकडे कोणालाही बघता येतात. कॅनार्सी शहराच्या ज्या विभागात, कम्युनिटी डिस्ट्रिक्ट १८ मध्ये, येतं तिथे निम्म्याहून जास्त घरांत मालक स्वतः राहतात, अख्ख्या न्यूयॉर्क शहरात हेच प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे. त्यात मिल बेसिन, मरीन पार्क हे शेजारचे भागही धरलेत, ते मान्य, पण आमच्या गल्लीत फिरून बघा, दोन कुटुंबांची विटांची घरं, पुढे चार हाताची बाग, मालक एका मजल्यावर आणि भाडेकरू दुसऱ्यावर. नर्स, बस ड्रायव्हर, शाळेतल्या बाई, हेच लोक.

"हे आले म्हणून जुने लोक पळाले." उलटं आहे. १९७२ मध्ये शेजारच्या ब्राउन्सव्हिल वस्तीतली तीसेक मुलं इथल्या एका शाळेत घालायची ठरली, बहुतेक कृष्णवर्णीय, तर इथल्या गोऱ्या पालकांनी शाळा अडवली आणि स्वतःच्या मुलांना घरी बसवून बहिष्कार टाकला. १९९१ मध्ये कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना घरं दाखवतात म्हणून इथल्या एका रिअल इस्टेट ऑफिसवर आगीचा बॉम्ब फेकला गेला. एवढं होऊनही ज्यांनी इथे घरं घेतली आणि हप्ते फेडले, त्यांनाच वस्ती बिघडवली म्हणायचं?

आणि जमैका बे हे नाव जमैकन लोकांमुळे पडलं म्हणे! ते नाव इथल्या मूळच्या लेनापे लोकांच्या भाषेतून आलंय, बीव्हर या प्राण्यावरून. त्या बेटाशी काही संबंध नाही.

"आपल्या माणसाला तिथे खायला मिळणार नाही." फ्लॅटलँड्स ॲव्हेन्यूवर भाजीवाल्याकडे कॅलालू म्हणून जी जुडी मिळते तो माठ आहे, तसाच लसूण-मिरची घालून परततो मी. ख्रिसमसला घरोघरी सॉरेल करतात, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, आलं घातलेलं. गयाना-त्रिनिदादवाल्यांच्या दुकानात रोटी मिळते. अजून काय पाहिजे?

आता मेसेजमधला एक मुद्दा, तिथे पूर येतो हा. तो मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने का होईना मान्य करतो. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळात खाडीचं पाणी गल्ल्यांमध्ये शिरलं. त्या वेळी कॅनार्सीचा बहुतेक भाग सक्तीने रिकामा करायच्या झोन ए मध्ये नव्हताच, त्यामुळे लोक घरातच होते. आमच्या बेसमेंटमध्ये बॉयलरच्या खोलीच्या दारावर बाईंनी पेनने रेघ मारून ठेवलीय, माझ्या छातीपर्यंत येते. बॉयलर, वॉशिंग मशीन, मुलांचे फोटो, सगळं गेलं त्यांचं. पण मेसेजमध्ये लिहिलंय "म्हणून फुकटात घरं मिळतात", तर तसं काही नाही, दोन कुटुंबांचं घर सहज सात लाख डॉलरच्या आसपास जातं.

तर ताई, त्याला शनिवारी पाठव. रूम पहिल्या मजल्यावरची आहे, बेसमेंटची नाही. आणि २०२३ पासून न्यूयॉर्क राज्यात घरात आधी पाणी शिरलं होतं का ते मालकाला भाडेकरारात लिहून द्यावं लागतं, ते वाचूनच सही करू दे. सकाळी अकराला रॉकअवे पार्कवे स्टेशनच्या बाहेर उभा राहतो मी, तिथून बी ४२ बस थेट पिअरवर, म्हणजे खाडीवरच्या धक्क्यावर जाते, आधी तिथे नेतो त्याला, शनिवारी लोक बादल्या घेऊन गळ टाकून बसलेले असतात, बघू दे एकदा.