खुलासा : ‘पाइप बाहेरून तडकला नसेल तर बदलू नका’

जुन्या गाड्यांबद्दल एक मेसेज फिरतोय : रेडिएटरचे रबरी होज पाइप बाहेरून तडकलेले नसतील तर बदलायची गरज नाही, गॅरेजवाले उगाच बिल फुगवतात. बिल फुगवणारे असतात, हे मान्य. पण बाकीचा सल्ला महागात पडेल.

हे पाइप बऱ्याचदा आतून खराब होतात. रबर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि इंजिनाचा धातू यांच्यात सूक्ष्म विद्युत-रासायनिक क्रिया चालते आणि रबराला आतून बारीक चिरा पडतात, त्याही बहुधा टोकांजवळ. वरून पाइप काळा कुळकुळीत, नवा वाटतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर क्लॅम्पजवळचा (पाइपाचं टोक आवळून धरणाऱ्या पट्टीजवळचा) भाग बोटांनी दाबून बघा. मधल्या भागापेक्षा तिथे पिचपिचीत लागलं, किंवा आत चिरा, पोकळी जाणवली, तर पाइप गेला. ऑइल लागून फुगलेलाही गेलाच. खालच्या पाइपात काही गाड्यांत स्प्रिंग असते, ती हाताला कडक लागते. तिला फसू नका.

‘क्लॅम्प आवळला की गळती थांबते’ हेही अर्धवट. जास्त आवळला तर तो रबरातच रुततो.

पाइप बदलताना हीटरकडे जाणारे दोन आणि रेडिएटर टाळून कूलंट फिरवणारा छोटा बायपास पाइपही तपासा. तेच नेमके विसरले जातात. नंतर कूलंट भरून आत अडकलेली हवा काढायलाच हवी, नाहीतर पाइप नवे असूनही इंजिन तापेल. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कुणी सांगितलं तरी उघडू नका.