‘दहा कोअर सोडून आठ कोअरचा लॅपटॉप गळ्यात मारला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला, आणि आज सकाळी तुमचं बिल समोर ठेवून पुन्हा वाचला. तुमच्या तीन तक्रारी आहेत. ऑफिसातल्या टॉवर कॉम्प्युटरसारखा दोन प्रोसेसरचा लॅपटॉप मागितलात, तर ‘तसा येत नाही’ म्हणून आम्ही विषय संपवला. त्याच किमतीत दहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) समोर असताना आठ कोअरचा दिला. आणि रात्री रेंडर (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं) लावला की मशीन तापतं, सकाळी बघावं तर काम अर्धवटच.

तिसरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक आमची आहे. आमच्या दुकानातल्या मुलाने काम विचारलं, तुम्ही ‘इंटिरिअर, ऑटोकॅड आणि स्केचअप’ (नकाशे आणि थ्री-डी मॉडेल बनवायची सॉफ्टवेअर) म्हणालात आणि तो तिथेच थांबला. रेंडर कशात करता, कुठल्या मशीनवर करता, हे पुढचे प्रश्न होते. मी काउंटरलाच होतो, मीही विचारले नाहीत. शिवाय तुमच्या मशीनमध्ये १६ जीबी रॅमची एकच पट्टी आहे, दुसरा स्लॉट रिकामा. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला डेटा दोन वाटांनी येतो. हे देतानाच करून द्यायला हवं होतं. दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो.

आठ आणि दहाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण नौपाड्यातल्या आमच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. तुम्हाला दिलेली चिप आय-५ १२४५०एच. तुम्ही पाहिलेली दहा कोअरची आय-५ १२३५यू. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून एकाच चिपमध्ये दोन जातींचे कोअर येतात, मोठे वेगवान आणि लहान कमी वीज खाणारे. तुमच्या आठात चार मोठे, चार लहान. त्या दहात मोठे फक्त दोन, आठ लहान. कमाल वेग दोन्हींचा ४.४ गिगाहर्ट्‌झच लिहिलेला आहे. पण सतत काम करताना घ्यायची वीज पाहिली तर तुमची चिप ४५ वॉटची आणि ती १५ वॉटची. म्हणजे तासभर जोर लावायचा असेल तर कुठली टिकेल, हे खोक्यावरच्या ‘टेन कोअर’ स्टिकरवरून कळत नाही. भाव सारखा होता, मार्जिनही जवळपास सारखंच. जुना माल खपवायचा म्हणून तुम्हाला हा दिला, असं खरंच नाही.

गेल्या आठवड्यात तुम्ही मशीन घेऊन आलात तेव्हा आपण तुमची टू-बीएचकेची स्केचअप फाइल उघडली होती. मॉडेल फिरवताना अडखळत होतं, आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वापर जेमतेम १० टक्के दिसत होता. ‘नव्वद टक्के रिकामा आहे तर अडतंय कुठे?’ हा तुमचा प्रश्न अगदी रास्त होता आणि गर्दीत मी त्याचं उत्तर दिलं नाही. ते आता देतो. मोठा कोअर एका वेळी दोन कामं घेतो, म्हणून तो विंडोजला दोन प्रोसेसर म्हणून दिसतो; तुमच्या आठ कोअरचे असे १२ ‘लॉजिकल प्रोसेसर’ दिसतात. त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकडा आठ टक्क्यांच्या आसपासच जातो. स्केचअपचं मॉडेलिंग एकाच कोअरवर चालतं, ऑटोकॅडचंही बहुतेक काम तसंच. तिथे वीस कोअर दिले तरी एकोणीस बसून राहतील. व्ही-रे या रेंडरच्या सॉफ्टवेअरचा सीपीयू रेंडर मात्र असतील तेवढे सगळे कोअर कामाला लावतो.

घरी पुरणपोळीचा घाट असला की डाळ शिजून पुरण वाटून होईपर्यंत चौघीजणी पोळपाट घेऊन बसल्या तरी पोळी एकही होत नाही. पुरण तयार झालं की मात्र चौघींचे हात चौपट काम करतात. संगणक-अभियंता जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हाच हिशेब मांडला: कामाचा पाव भाग एकामागून एकच होणारा असेल, तर कितीही प्रोसेसर जोडा, वेग चौपटीच्या पुढे जात नाही.

आता दोन प्रोसेसर. तुमच्या ऑफिसच्या टॉवरमध्ये झिऑनच्या (इंटेलच्या मोठ्या मशीनसाठीच्या) दोन वेगळ्या चिप आहेत, प्रत्येकीवर हाताएवढा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), प्रत्येकीची स्वतःची रॅम. हे सगळं दोन सेंटिमीटर जाडीच्या लॅपटॉपमध्ये बसवलं तर उष्णता जाणार कुठून? लॅपटॉपचा खरा मालक पंखा आहे. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते (व्होल्टेज दुप्पट तर वीज चौपट), आणि त्या विजेची शेवटी उष्णताच होते. याच उष्णतेपायी २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेत सोडला, आणि पुढे एकाच चिपमध्ये दोन कोअर आले. म्हणजे तुम्ही मागत होतात ते लॅपटॉपमध्ये त्या रूपात आलं आहे, एका चिपच्या पोटात. कोअर टू ड्युओ, म्हणजे इंटेलचा दोन कोअरचा प्रोसेसर, आला तेव्हा मीच दुकानाबाहेर फळ्यावर ‘दुप्पट वेग’ लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. तेव्हापासून मी आधी काम विचारतो, म्हणूनच तुमच्या बाबतीत ते राहून गेलं याचं जास्त वाईट वाटतं.

तर आता असं करू. मशीन घेऊन या. एक पट्टी काढून ८-८ जीबीच्या दोन बसवून देतो, पैसे नाहीत. पंखा आणि पॉवर मोड तुमच्यासमोर तपासतो, तुमचाच एक सीन अर्धा तास रेंडरला लावून. रेंडर रोज लॅपटॉपवरच करायचे असतील तर आय-७ १२७००एच बघा, त्यात सहा मोठे धरून १४ कोअर आहेत. तुमचा लॅपटॉप बिलाच्या पूर्ण किमतीत परत घेतो, वरचा फरक तेवढा द्या. पण ऑफिसचा टॉवर रात्री मोकळा असेल, तर माझा सल्ला हाच की मॉडेल लॅपटॉपवर करा आणि फायनल रेंडर त्याच्यावर टाका. तो त्याच कामासाठी बनलाय, आणि तुमचे पैसेही वाचतील.

रेंडर लॅपटॉपवर लावाल तेव्हा चार्जर जोडलेला असू द्या आणि मशीन गादीवर नको, टेबलावर ठेवा. खालची जाळी झाकली गेली की वेग आपोआप उतरतो.

शनिवारी दुपारी तीननंतर दुकानात गर्दी कमी असते. येताना चार्जर आणि तो रात्री अडकलेला सीन पेनड्राइव्हवर घेऊन या. मी स्वतः बसतो.