काझुकीचा काळा रंग छावणीत सापडलेला नाही

"सायबेरियाच्या छावणीत एका जपानी कैद्याने चुलीतल्या कोळशाने लपूनछपून ५७ चित्रं काढली. सुटल्यावर मरेपर्यंत दुसरा रंग हातात धरला नाही. जपानने काय सोसलं ते बघा." जपानी चित्रकार यासुओ काझुकीच्या चित्रांसोबत हा मजकूर फिरतोय. वाचताना गलबलतं, म्हणून पुढेही ढकलला जातो. त्यात खरं म्हणावं असं ५७ हा आकडा आणि कोळसा, एवढंच.

आधी छावणी. काझुकी १९४३ मध्ये शिपाई म्हणून तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या मांचुरियातल्या (आजचा ईशान्य चीन) हायलारला गेला, पराभवानंतर सोव्हिएत कैदेत लाकूडतोडीला जुंपला गेला आणि १९४७ मध्ये घरी परतला. ती ५७ चित्रं म्हणजे त्याची 'सायबेरिया मालिका'. ती त्यानंतरची, १९७४ मध्ये तो वारला तोवर चाललेली. कैद दोनेक वर्षांची, चित्रं सत्तावीस वर्षांची. त्याच्यासोबत परत आली ती रंगपेटी. पुढे काढायच्या चित्रांची आठवण म्हणून त्याने तिच्या झाकणावर जपानी लिपीतलं एकेक अक्षर (एक अक्षर म्हणजे एक शब्द) लिहून ठेवलं होतं: पाऊस, चंद्र, करवत, दफन... अशी बारा. वाण्याच्या यादीसारखी.

आता कोळसा. १९४८ चं 'दफन' पाहा: सोबत्याला मातीत ठेवतानाचं चित्र, आणि रंग चक्क उबदार. त्या काळ्यापर्यंत पोचायला त्याला पुढची दहाएक वर्षं लागली. पिवळसर मातकट तैलरंगात कॅल्साइट या खनिजाची पूड कालवून खरखरीत थर द्यायचा आणि त्यावर कोळशाची भुकटी चढवायची. त्यामुळे तो काळा चकाकत नाही, तव्याच्या बुडासारखा उजेड गिळून बसतो. हे हातातलं कसब आहे. कैद्याची मजबुरी म्हटलं की त्या दहा वर्षांच्या खटपटीवर पाणी पडतं.

दुसरा रंग धरलाच नाही? १९६९ चं 'निळा सूर्य' याच मालिकेतलं. सैन्यात जमिनीवर सरपटायची कवायत करताना त्याला मुंग्या दिसायच्या. त्यांच्या बिळात शिरून खालून आभाळ बघता आलं तर, असं वाटायचं. चित्रात भोवती काळोख, आणि त्यात निळ्या आभाळाचा तुकडा. शिवाय तो स्वयंपाकघरातल्या भाज्या, मासे, फुलं रंगवत होताच. जन्माला ११० वर्षं झाली म्हणून २०२१-२२ मध्ये जपानभर फिरलेल्या सिंहावलोकनी प्रदर्शनात, टोकियोच्या नेरिमा कलासंग्रहालयातही, ही मालिका वेगळी न काढता बाकीच्या कामासोबत, जसजशी रंगवली त्या क्रमाने लावली होती. मला हा निर्णय फार पटला.

राहिलं "जपानने काय सोसलं". सोसलं हे खरंच. सायबेरियात सुमारे ५५ हजार जपानी कैदी मेले. पण याच मालिकेतलं, १९५९ मध्ये काढलेलं '१९४५' नावाचं चित्र पाहा. कैद्यांची गाडी मांचुरियातून उत्तरेकडे चालली असताना त्याला रुळांजवळ एक प्रेत दिसलं. कातडी सोललेलं, लाल, स्नायूंच्या रेषा उघड्या पडलेल्या. स्थानिक लोकांनी सूड उगवलेला हा जपानी माणूस असावा, असं त्याने धरलं. हिरोशिमाच्या काळ्या प्रेतांबद्दल सगळे बोलतात, या लाल प्रेताबद्दल कोणी बोलत नाही, हे त्याला आयुष्यभर सलत राहिलं. काळ्या प्रेतात जपानी माणूस बळी होता. लाल प्रेतात तो आधी मारणाऱ्यांपैकी होता.

फिरणाऱ्या मजकुराखाली चार चित्रं जोडली आहेत. '१९४५' त्यांत नाही.