विदाउट तिकीट बसा, कायदा बाईच्या बाजूने आहे म्हणे!

‘एकटीने प्रवास करणाऱ्या प्रत्येक मुलीला हे माहीत हवंच’ अशा मथळ्याची एक यादी पुन्हा फिरायला लागली आहे. पाच ‘हक्क’, खाली हात जोडलेले आणि ‘आपल्या आया-बहिणींना पाठवा’. भाचीने ती मला पाठवली, सोबत एक ओळ: ‘म्हणजे वेटिंग असलं तरी चालतं ना?’

नाही चालत. पाचही मुद्दे घेते, पण पहिल्याने सगळ्यात जास्त घोटाळा होणार आहे, तेव्हा जास्त वेळ तिथेच जाईल.

यादी म्हणते, एकट्या बाईकडे तिकीट नसलं तरी टीसी तिला गाडीतून उतरवू शकत नाही, दंडही घेऊ शकत नाही. आधार रेल्वे कायदा १९८९, कलम १३९. कलम खरं आहे. यादी लिहिणाऱ्याने ते वाचलेलं नाही, एवढंच. ते सुरूच होतं उतरवण्याच्या अधिकारापासून: भाडं आणि जादा आकार जो देत नाही, त्याला रेल्वेचा अधिकृत कर्मचारी गाडीतून उतरवू शकतो. बाई येते ती खालच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात. सोबत पुरुष प्रवासी नसेल तर बाईला किंवा लहान मुलाला कुठेही उतरवता येत नाही. जिथून प्रवास सुरू केला ते स्थानक, एखादं जंक्शन, गाडीचं शेवटचं स्थानक किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचं स्थानक, एवढ्याच जागा. आणि तेही फक्त दिवसा. उतरवायचंच नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

पुण्याहून संध्याकाळी सुटून मनमाड-भुसावळमार्गे नागपूरला जाणारी गाडी धरा. रात्री तुम्हाला कोपरगावला उतरवता येणार नाही. ते जंक्शनही नाही आणि जिल्ह्याचं गावही नाही. पण उजाडलं की अकोला आहे, बडनेरा आहे, वर्धा आहे. तिथे खुशाल उतरवता येतं. ‘जंक्शन’ म्हटल्यावर मनमाडचा गजबजलेला फलाट डोळ्यापुढे आणू नका, शिर्डीचा फाटा जिथून फुटतो ते पुणतांबाही जंक्शनच आहे.

दंडाचं तर साफ खोटं. कलम १३८ मध्ये बायकांना कसलीही सूट नाही. प्रवासाचं भाडं, वर तेवढाच जादा आकार, आणि तो २५० रुपयांपेक्षा कमी भरत असेल तर २५०. तुम्ही कुठून चढलात याबद्दल शंका असेल तर भाडं गाडी जिथून सुटली तिथून धरतात. मधे तपासणी झाली असेल तर तिथून. बडनेऱ्याला चढलेल्या बाईला पुण्यापासूनचे पैसे मोजावे लागतात ते यामुळे. म्हणून तिकीट नसेल तर टीसी येण्याची वाट न बघता आपणच त्याला गाठून सांगावं. आणि पैसे द्यायचेच नाहीत असं ठरवून चढणं हा कलम १३७ खाली वेगळा गुन्हा.

आता वेटिंगचं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते मोबाइलवर दाखवत स्लीपरमध्ये बसलात तर तुम्ही विदाउटच. खिडकीवरचं वेटिंग तिकीट आपोआप रद्द होत नाही, पण ते घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही, जनरलमध्ये जावं लागतं. आरएसी असेल तर बिनघोर चढा, निदान बसायची जागा तुमची असते.

एवढं मात्र मान्य करते: पर्स चोरीला गेली, त्यात तिकीट गेलं, आणि रात्री दोन वाजता कुणी ‘पुढच्या स्टेशनला उतरा’ म्हणून दरडावायला लागला, तर कलम १३९ चं परंतुक त्याला जरूर ऐकवा. ते त्यासाठीच आहे.

खरा उपयोगाचा हक्क यादीत नाहीच. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपरला बायकांसाठी सहा बर्थ राखीव असतात. राजधानी, दुरांतो, गरीबरथ आणि पूर्ण वातानुकूलित गाड्यांत थ्री एसीला सहा. तिकीट काढताना जनरलच्या जागी ‘लेडीज’ कोटा निवडायचा. एकटी बाई किंवा फक्त बायकांचा गट हवा, बारा वर्षांखालची मुलं चालतात. त्याच तिकिटावर एक जरी मोठा पुरुष घातला तरी हा कोटा मिळत नाही. वय ४५ च्या पुढे असेल तर खालच्या बर्थचा कोटा वेगळा. जनरलला वेटिंग आणि लेडीजला जागा शिल्लक, असं पुष्कळदा दिसतं, पण तिकडे बघतं कोण?

दुसरा मुद्दा: रात्री १० ते सकाळी ६ या वेळात दिलेल्या नंबरवर फोन करा, देशात कुठेही पोलीस फुकट घरी सोडतात. तो ७८३७ ने सुरू होणारा मोबाइल नंबर लुधियाना पोलिसांचा आहे, डिसेंबर २०१९ च्या सुमाराचा. लुधियानाची गाडी तुम्हाला स्वारगेटवरून धायरीला सोडणार आहे का? अर्धसत्य असं की त्याच महिन्यात नागपूर पोलिसांनीही रात्री ९ ते पहाटे ५ अशी सोय जाहीर केली होती. ती नागपूर शहरापुरती, आणि तिचे नंबरही वेगळे.

लक्षात ठेवायचा तो ११२, देशभर चालणारा आपत्कालीन नंबर. फोन लॉक असला तरी ‘आपत्कालीन कॉल’मधून लागतो. बटणांच्या जुन्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण काहींना तीनदा, काहींना पाचदा दाबावं लागतं. आपला फोन कुठला ते सेटिंगमध्ये आजच बघा. नुसतं दाबून पाहाल तर फोन खरंच लागेल. यात फसतं ते ठिकाण. लोकेशन बंद असेल तर टॉवरवरून अंदाज येतो, आणि हमरस्त्यावर तो अंदाज कित्येक किलोमीटर चुकू शकतो. म्हणून तोंडाने सांगा: रस्त्याचं नाव, कडेच्या दगडावरचा किलोमीटर, कुठल्या गावाकडे तोंड करून उभ्या आहात. रेल्वेगाडीत असाल तर रेल्वेची हेल्पलाइन १३९ लावून सुरक्षेसाठी १ दाबा आणि गाडीचा नंबर, डबा, बर्थ सांगा. सुटण्याच्या स्थानकावर आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) ‘मेरी सहेली’ पथकातल्या बायका येऊन बर्थ नंबर विचारतात, तेव्हा ‘कशाला हवाय’ म्हणून त्यांना वाटेला लावू नका. वाटेतल्या स्थानकांवरच्या आरपीएफला तुमचा बर्थ कळतो तो तिथूनच.

तिसरा मुद्दा वाचून हसावं की रडावं कळेना. ‘इंडियन सिरीज ॲक्ट १८८७’नुसार कुठल्याही पंचतारांकित हॉटेलात बाईला पाणी आणि स्वच्छतागृह फुकट! सिरीज नव्हे हो, सराय, म्हणजे मुसाफिरखाना. आणि साल १८६७. विहिरी-टाक्या साफ ठेवा, पहारेकरी नेमा, दर लिहून लावा, साथीचा रोगी आला तर ठाण्यात कळवा, अशी सरायवाल्यांची कर्तव्यं त्यात आहेत. फुकट स्वच्छतागृहाचं नावही नाही. चांगलं हॉटेल विचारल्यावर बहुधा नाही म्हणत नाही, पण ती त्यांची माणुसकी झाली. हमरस्त्यावर पेट्रोल पंप गाठा. तिथे पाणी आणि स्वच्छतागृह ठेवणं तेल कंपन्यांच्या नियमात आहे. कुलूप असेल तर चावी मागा, नाही म्हणाले तर तक्रारवही मागा.

चौथा: चोराने धमकावलं तर एटीएमचा पिन उलटा टाका, पोलिसांना कळतं. असली सोयच नाही. आणि ज्याचा पिन २११२ आहे, उलटा केला तरी तोच, त्याने काय करायचं?

पाचवा म्हणतो, सूर्यास्तानंतर बाईला पोलीस ठाण्यात जावंच लागत नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळं झाल्याचा हा नमुना. नियम अटकेचा आहे: सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करायची नाही, अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी काढून. तक्रारीला वेळेचं बंधन नाही. पण यादीतलं वाचून एखादी मुलगी छेडछाडीनंतर सकाळपर्यंत थांबेल, आणि तोवर तो माणूस मधल्या स्टेशनला उतरून गेलेला असेल. हद्दीचीही सबब चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची आहे. धावत्या गाडीत तर ठाणं शोधत उतरायचीही गरज नाही. तक्रारीचा फॉर्म टीसीकडे किंवा गाडीतल्या पोलिसांकडे मागा, त्या माणसाचा डबा-बर्थ आणि वेळ लिहा, सही करण्याआधी भरलेल्या फॉर्मचा फोटो काढा. तो पुढच्या लोहमार्ग पोलिसांच्या ठाण्यावर दिला जातो आणि तुमचा प्रवास चालू राहतो.