पॅन्ट्रीच्या रांगेतल्या गाड्या

नमस्कार. न्यू जर्सीतल्या फूड पॅन्ट्रीवरचा, म्हणजे गरजूंना फुकट किराणा मिळतो त्या जागेवरचा, माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की, रांगेत लोक गाड्या घेऊन येतात, हातात स्मार्टफोन असतात, कागदपत्रं कोणी धड तपासत नाही. असा फुकट किराणा वाटून आपण लोकांना आळशी करतो आणि सरकारची जबाबदारीही आपल्या अंगावर घेतो. शेवटचा मुद्दा वजनदार आहे, त्याकडे येतेच.

आधी गाडी. इथल्या उपनगरांत रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते. गाडी विकली की नोकरी गेली. घरभाडं थकलं तर मालक कोर्टात जातो, विमा चुकला तर गाडी रस्त्यावर काढता येत नाही, विजेचं बिल थांबत नाही. या सगळ्यात काटछाट करता येते ती फक्त जेवणात, आणि घरात ती सुरू होते आईच्या ताटापासून. पॅन्ट्रीतून तांदूळ, डाळी, दूध, अंडी मिळाली की तेवढे पैसे भाड्याला उरतात. रांगेतल्या कित्येकांना नोकरी आहे. कुणी गोदामात माल भरतं, कुणी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतं. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलंय. न्यू जर्सीत ते दुपटीहून जास्त आहे, पण इथली भाडी तुम्हाला मी सांगायला नको. यात आळस कुठे आला?

अन्न विकत घेण्यासाठीची सरकारी मदत, म्हणजे 'स्नॅप'चे पैसे, कार्डावर महिन्यातून एकदाच जमा होतात आणि अनेक घरांत महिनाअखेरपर्यंत पुरत नाहीत. त्यातून साबण घेता येत नाही, बाळाचे डायपरही नाहीत. उत्पन्न मर्यादेच्या जरा वर गेलं तर तेवढीही मदत मिळत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतलं जेवण बंद होतं, तेव्हा तर ओढाताण आणखी वाढते.

कागदपत्रांचं म्हणाल, तर गरज नसलेल्या एखाद्याने डाळीचं पाकीट नेलं तरी मला चालेल. कागद नाही म्हणून एखादी आजी रिकाम्या हाताने परत गेलेली चालणार नाही.

आता सरकार. इथे मी तुमच्या बाजूची आहे. 'फीडिंग अमेरिका' ही फूड बँकांची, म्हणजे पॅन्ट्रींना माल पुरवणाऱ्या संस्थांची, देशव्यापी संघटनाच सांगते की, त्यांच्या जाळ्यातून एक जेवण पोचतं तेव्हा स्नॅपमधून नऊ पोचतात. सरकारी कामकाज ठप्प असल्याने नोव्हेंबर २०२५मध्ये स्नॅपचे पैसे रखडले, तेव्हा देशभर पॅन्ट्रींसमोर रांगा वाढल्या. ती तूट देणग्यांतून भरून निघणारी नव्हतीच. पण जबाबदारी सरकारची आहे म्हणून आज आलेल्या कुटुंबाला परत पाठवायचं का? आमच्या पॅन्ट्रीत आम्ही दोन्ही करतो. किराण्याच्या शेजारीच एक टेबल मांडतो आणि स्नॅपचे अर्ज भरून देतो. घाबरून किंवा फॉर्म कळत नाही म्हणून हक्काची मदत न मागणारे पुष्कळ असतात, त्यांत आपले देशी आजी-आजोबाही आहेत. त्या टेबलावर हिंदी, गुजराती बोलणारं माणूस आम्हाला हवंय. तुम्ही इथल्या एडिसन गावाच्या आसपास राहत असाल तर एखाद्या शनिवारी सकाळी याल का?