धूमकेतूची धूळ आणि केळीवरचा हरण्या : एका संदेशाचा प्रतिवाद

रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांच्या गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा : शेंडेनक्षत्राच्या, म्हणजे धूमकेतूच्या, धुळीत जंतू असल्याचे युरोपच्या रोझेटा यानाने मान्य केले आहे, ती धूळ शेपटीतून आपल्या शिवारावर पडते, शेंडेनक्षत्र दिसते त्या वर्षी केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे हरण्या रोगाचा विषाणू, येतो, आणि शास्त्रज्ञ नुसते दुर्बिणीतले फोटो पाहून बोलतात, त्यांनी ती धूळ कधी हाताळलेली नाही. ज्याला स्वतःच्या बागेतली रोपे उपटून गाडावी लागली, त्याला कारण हवे असते. म्हणूनच त्याच्या हाती चुकीचे कारण पडू नये, असे मला कळकळीने वाटते.

शेवटच्या विधानापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सारे त्यावर उभे आहे. अमेरिकेचे स्टारडस्ट यान २ जानेवारी २००४ रोजी विल्ट-२ या धूमकेतूजवळून गेले. एरोजेल नावाच्या अतिशय हलक्या पदार्थात त्याने धूलिकण झेलले आणि जानेवारी २००६ मध्ये ते युटाच्या वाळवंटात उतरवले. म्हणजे ही धूळ पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांत प्रत्यक्ष आलेली आहे. तिच्यात ऑलिविन आणि पायरोक्सीन ही खनिजे सापडली; आपल्या काळ्या पाषाणातही ती असतात.

रोझेटाने धूळ परत आणली नाही, तिथेच मोजली. ऑगस्ट २०१४ ते सप्टेंबर २०१६ या काळात ते ६७पी अर्थात चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूच्या सोबतीने फिरले, आणि सगळे महत्त्व या सोबतीला आहे. १९८६ मध्ये जोत्तो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून सेकंदाला सुमारे ६८ किलोमीटर या सापेक्ष वेगाने गेले, तेव्हा आदळणाऱ्या कणांची क्षणात वाफ होत असे. रोझेटावर मात्र कण सेकंदाला काही मीटर इतक्या संथपणे येत असल्याने ते बरेचसे मूळ रूपात हाती लागले. जियाडा या उपकरणात कण आधी प्रकाशाच्या पडद्यातून जाई, त्यावरून त्याचा वेग कळे. मग तो पट्टीवर आदळे, त्यावरून संवेग (वस्तुमान गुणिले वेग) कळे. आणि संवेगाला वेगाने भागले की वस्तुमान मिळे. काही कण घट्ट निघाले, तर काही पिंजलेल्या कापसाहूनही विरळ, इतके की त्यांची घनता आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षाही कमी भरली. कोसिमा या उपकरणाने धातूच्या लहान पट्ट्यांवर ३५ हजारांहून अधिक कण गोळा केले आणि त्यांतील निवडक कणांवर इंडियम धातूच्या आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) झोत सोडून त्यांची रासायनिक घडण तपासली. यानाभोवती धूळ एवढी होती की मार्च २०१५ मध्ये दिशा ठरवणारे कॅमेरे धूलिकणांनाच तारे समजून गोंधळले आणि यान काही काळ सुरक्षित अवस्थेत, म्हणजे फक्त अत्यावश्यक कामे चालू ठेवून, राहिले. याला फोटो पाहून बांधलेला अंदाज म्हणता येत नाही.

आता जंतूंविषयी. माझ्या मते हा घोटाळा एका शब्दाने केला आहे. कोसिमाच्या मोजमापानुसार ६७पीच्या धुळीत वजनाने सुमारे ४५ टक्के भाग सेंद्रिय पदार्थांचा आणि उरलेला खनिजांचा आहे. आपल्याकडे सेंद्रिय म्हटले की शेणखत, गांडूळखत आणि जिवंत माती डोळ्यांपुढे येते. रसायनशास्त्रात मात्र कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात, मग ती सजीवांपासून आलेली असोत वा नसोत. धूमकेतूभोवतीच्या वायूत ग्लायसीन हे सजीवांच्या प्रथिनांत असणारे अमिनो आम्लही सापडले. पण अशी अमिनो आम्ले साध्या बर्फमिश्रणावर अतिनील किरण सोडून प्रयोगशाळेत जंतूंशिवायही तयार झालेली आहेत. रोझेटाने एकही पेशी किंवा विषाणू सापडल्याचे जाहीर केलेले नाही.

इथे काही जण जयंत नारळीकरांचा सहभाग असलेल्या हैदराबादच्या फुग्यांच्या प्रयोगांचा दाखला देतात. त्या प्रयोगांत उंच वातावरणातील हवेत जिवाणू मिळाले हे खरे आहे. मात्र ते अवकाशातून आले हे त्यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे इस्रोने २००९ मध्ये स्वतःच सांगितले होते.

धूळ शिवारावर पडते, हा मुद्दा अर्धा खरा आहे. धूमकेतूंची धूळ पृथ्वीवर येते, पण ती धूमकेतू दिसण्याची वाट पाहत नाही. हॅलेने मागे सोडलेल्या कणांमुळे दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये उल्कावर्षाव होतो, जरी हॅले स्वतः १९८६ नंतर सूर्याजवळ आलेला नाही. ६७पी तर २०१५ मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळ आला तेव्हाही त्याच्यापासून सुमारे १८ कोटी ६० लाख किलोमीटर दूर होता, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेबाहेरच राहिला. मे १९१० मध्ये हॅलेच्या शेपटीतून पृथ्वी जाणार म्हणून विषबाधेच्या भीतीने जगभर घबराट पसरली होती. विषबाधा कोणालाच झाली नाही.

राहिला सीएमव्ही. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो आणि काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो व बांधावरची तणे यांवर टिकून राहतो. तो रोपांच्या लागवड साहित्यातूनही येतो. तेव्हा नवी बाग लावणाऱ्याने आधी रोपे विषाणूमुक्त आहेत का ते विचारावे, केळीत काकडी-भोपळा घेऊ नये, आणि पानांवर पिवळे पट्टे दिसताच ते झाड मुळासकट काढून बागेबाहेर पुरावे.