कोआच्या होडीला ‘दिखावा’ म्हणण्याआधी

हवाई बेटांवरच्या होड्यांच्या शर्यतीचा एक व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतोय. खाली मजकूर असा : ‘फायबरच्या जमान्यात इथे लाकडी होडीची सक्ती. होडी मुद्दाम जड ठेवायची, तिच्यासाठी जंगल कापायचं, आणि या दिखाव्याला परंपरा म्हणायचं.’ या होड्या उलांडीच्या, म्हणजे कलंडू नये म्हणून बाजूला तरंगता ओंडका बांधलेल्या. कोकणच्या माणसाला त्या परक्या नाहीत. म्हणूनच हे वाचून गप्प बसवेना.

पहिलं, फायबरला बंदी वगैरे काही नाही. मोलोकाई ते ओआहू या बेटांमधला सुमारे ६६ किलोमीटरचा खवळलेला पट्टा ओलांडणारी ‘मोलोकाई होए’ शर्यत १९५२ पासून होते. तिच्यात फायबरच्या होड्या सर्रास उतरतात. कोआ या तिथल्या झाडाच्या लाकडाची अट आहे ती राज्य अजिंक्यपदाच्या शर्यतींना. शिवाय फायबरची होडी आली कुठून? १९३३ साली जेम्स ताकेओ यामासाकी यांनी कोआतून ‘मालिया’ नावाची होडी कोरली. १९५९ मध्ये ती कॅलिफोर्नियाला नेली, तेव्हा तिच्यावरून साचा काढून तिथल्या फायबरच्या होड्या घडल्या. ज्या लाकडी होडीला जुनाट म्हणून हिणवताय, तिच्याच पोटी त्या जन्मल्या.

‘मुद्दाम जड ठेवतात’ हे मात्र खरं. किमान वजन ४०० पौंड, म्हणजे सुमारे १८१ किलो. कमी भरली तर वजन टाकून भरपाई करतात. पण हा नियम नसता तर काय झालं असतं, याचा विचार करा. ताहितीत वजनाचं बंधन नसलेल्या होड्या दोनशे पौंडांच्या आत बसतात. त्यांच्याशी गाठ पडली तर कोआची एकही होडी टिकणार नाही आणि ज्याच्याकडे नव्या होडीचा पैसा, तोच पुढे जाईल. किमान वजन ठरवून दिलं की फरक उरतो तो वल्हवणाऱ्या सहाजणांच्या दमात आणि तालात. ताहितीच्याच ‘शेल वाआ’ संघाने या जड होड्यांतून मोलोकाई होए अनेकदा जिंकली आहे.

आता जंगलाचं. हा आरोप मला सगळ्यात जास्त लागला, कारण दुखणं खरं आहे आणि बोट मात्र चुकीकडे दाखवलंय. कोआ आपल्या बाभळीच्या भावकीतला, फक्त हवाईत उगवणारा वृक्ष. १९९० च्या सुमारास ‘हवाईलोआ’ ही दूरच्या समुद्रप्रवासाची होडी बांधायला घेतली, तेव्हा रान धुंडाळूनही पुरेसा मोठा आणि निरोगी कोआ मिळेना. अखेर अलास्कातल्या आदिवासींनी स्प्रूसचे दोन प्रचंड ओंडके भेट दिले. हे रान शर्यतींनी संपवलं का? गुरांच्या कुरणांसाठी ते तोडलं गेलं, आणि उरलेल्या रानात कोवळी रोपं गुरांनी फस्त केली. शर्यतीची होडी दरवर्षी नवी कोरत नाहीत. चीर गेली की जोड देतात, घासतात, पुन्हा पाण्यात सोडतात. अशा होडीवर आज्याने वल्हवलेलं असतं आणि नातूही बसतो. हवाईलोआच्या त्या शोधानंतर कोआ लावण्याची कळकळ वाढली, तीही होडीवाल्यांतूनच.

राहिला ‘दिखावा’. परंपरा म्हणजे काहीच न बदलणं, असा दावा तिथे कुणी करत नाही. राजा कालाकाउआने १८७५ मध्ये आपला वाढदिवस, १६ नोव्हेंबर, शर्यतींचा दिवस ठरवला, तेव्हापासून बरंच बदललं. काथ्याच्या जागी सुती दोरी आली. पण बांधणी हातानेच होते. उलांडीला धरणारे दोन आडवे दांडे होडीला बांधताना एकजण पाय रोवून दोरी ओढतो, दुसरा वेढ्याशेजारी वेढा बसवतो, फट दिसली की सगळं सोडून पुन्हा. बोल्ट ठोकला तर जोड ताठ होतो आणि लाटेचा दणका थेट लाकडावर येतो. दोरी तेवढी हलू देते. मालवणकडे उलांडीचे दांडे सुंभाने बांधायचे, ते याच कारणाने.